दहा किलोमीटर खोल

सोनगीरहून फोन आला आणि पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "कितला शे?"

फोन माझ्या चुलतबहिणीच्या सासऱ्यांचा होता. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही म्हणतो. पूर्वेकडच्या एका देशाजवळ समुद्रात भूकंप झाल्याची पट्टी टीव्हीवर सरकत होती. त्या देशाच्या एका बेटावर जेट्टी बांधण्याच्या कामावर आबांचा मधला मुलगा, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, वेल्डर होता.

"सात पॉईंट आठ दाखवतायत," मी म्हणालो.

"दहापैकी?"

"आबा, हे मार्क नाहीत. दहापैकी असं काही नसतं."

"मंग कशामाईन?"

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी जळगावला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, आणि समोर फळा नसला की माझं बोलणं लांबत जातं. बहिणीचा नवरा तिकडे कामाला गेल्यावर आम्ही मेहरूणमधल्या नव्या घरात आलो होतो, आणि काका-काकू गेल्यापासून तेच त्या बहिणीचं माहेर. त्या संध्याकाळी मी धुळ्याची बस धरली आणि तिथून सोनगीरला गेलो.

आबांचं घर तांबटाचं. पुढच्या पडवीत अजून ऐरण आहे. आता दोन-चार घागरी, एखादं घंगाळ एवढंच काम येतं, पण ठोकण्याची सवय हाताला आहे. घरात आबा, त्यांची बायको, धुळ्याला एका कचेरीत कारकून असलेला मोठा मुलगा, लग्नाचा धाकटा आणि माझी बहीण. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. तिच्या हातात मोबाइल होता आणि ती तो परत परत लावत होती, पण कानाला लावत नव्हती, नुसती पडद्याकडे बघत होती.

मी आबांची हातोडी घेतली आणि ऐरणीवर एक घाव घातला. म्हणालो, हा घाव किती मोठा होता, हे एक माप. त्याचा आकडा एकच असतो. पण तुमच्या मांडणीवरची भांडी किती वाजली, शेजारच्या घरात किती वाजली आणि गल्लीच्या टोकाला कोणाला ऐकू तरी आलं का, हे दुसरं माप. ते घरागणिक बदलतं. टीव्हीवरचा आकडा घावाचा आहे. जावई उभे होते तिथे किती हललं ते त्या आकड्यात नाही.

"आणि सात नि आठ ह्यात एकाचाच फरक," बहिणीचा मोठा दीर म्हणाला.

"आकड्यात एकाचा. जमिनीचा हेलकावा दहापट होतो, आणि बाहेर पडणारा जोर साधारण बत्तीसपट. दोनचा फरक असला तर हजारपट."

आबांनी हातोडी माझ्या हातातून काढून घेतली आणि जागेवर ठेवली. "हजारपट," ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी आयुष्यभर वजनावर भांडी विकली. शेराचे किलो झाले तेव्हाही हिशेब त्यांनी तोंडीच केला होता. एक वाढला की बत्तीस वाढतात, असला काटा त्यांनी कुठल्या बाजारात पाहिला नव्हता.

मी दोन रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी परदेशी संस्थेच्या संकेतस्थळावर आकडा बदलला होता, सात पॉईंट पाच. मी तो मोठ्या दिराला दाखवला. मी चहा संपवेपर्यंत तो बाहेर जाऊन आबांना सांगून आला, आणि आबा गल्लीत जाऊन सगळ्यांना सांगून आले.

जुनं पितळ मोडीत घेताना घट धरतात. भांड्याला लागलेली माती, राख, डागाचं शिसं, ह्या सगळ्यापोटी काट्यावरच्या वजनातून थोडं कमी करतात, आणि उरतं ते खरं वजन. आबांनी हयातभर घट धरली होती. त्यांना वाटलं, तिकडच्या शास्त्रज्ञांनीही पहिल्या वजनातून घट धरली.

"त्यासनी घट धरी," ते शेजाऱ्यांना सांगत होते. "आते कमी व्हयना. आजून बी धरतीन."

दुपारपर्यंत घरात माणसं जमली. कोणी गूळ आणला. बहिणीच्या सासूने, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, एक खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. लग्नानंतरच्या सहा वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मी सांगायला नको होतं असं माझ्या बायकोचं आजही म्हणणं आहे. पण आकड्याचा चुकीचा अर्थ धरून माणसं गूळ खात असताना मला गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, "आबा, भूकंप कमी झालेला नाही. तो तेवढाच होता. आधीचं माप घाईचं होतं, चार-दोन ठिकाणच्या यंत्रांवरचं. आता जगभरच्या नोंदी आल्यावर ते नीट झालं. साडेसात म्हणजेही मोठाच."

"पन जोर कमी."

"पहिल्या आकड्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा. पण तो पहिला जोर कधी नव्हताच. जे पडलं ते परवाच पडलं."

मग आबा म्हणाले, "आज हासाडस, उद्या रडाडस. हाई कसं गणित तुमनं, मास्तर?"

अक्का उठल्या. जाताना त्यांनी बहिणीच्या तळहातावरचा गुळाचा खडा उचलला आणि डब्यात परत टाकला.

त्याच दिवशी मोठ्या दिराने मला खोलीबद्दल विचारलं. तो सगळ्या बातम्या वाचत होता आणि सगळीकडे एकच आकडा होता, दहा किलोमीटर. उथळ भूकंप. "उथळ म्हणजे बरं ना, सर? आमच्याकडे विहीर उथळ असली तर पोर वाचतं."

मी म्हणालो, इथे उलटं आहे. जळगावहून नशिराबाद साधारण दहा किलोमीटर. तेवढा रस्ता समुद्राच्या तळाखाली उभा धरला की त्याच्या खालच्या टोकाला तो भूकंप. पृथ्वीच्या हिशेबात हे कातडीखालचं. सत्तर किलोमीटरच्या आतलं सगळं उथळच म्हणतात. खोल भूकंपाचा जोर वर येईपर्यंत खडकात जिरतो. उथळ असला की तळच उचलला जातो, तळ उचलला की वरचं पाणी उचललं जातं, आणि लाट त्याचीच होते.

"पण बरोब्बर दहा? नऊ नाही, अकरा नाही?"

त्याला शंका आली ती रास्त होती, म्हणून मी खरं ते सांगितलं. "हा मोजलेला नाही. सुरुवातीला खोली नीट कळत नाही. पण खोलीच्या जागी काहीतरी घातल्याशिवाय बाकीचं गणित पुढे सरकत नाही, म्हणून दहा धरतात. तो धरलेला आहे अशी खूण त्याच्यापाशी करतात, आणि नोंदी आल्या की दुरुस्त करतात."

"धरतात," तो म्हणाला. "बरं आहे."

त्यानंतर महिने गेले. कंत्राटदाराचा मुंबईचा माणूस आधी रोज फोन उचलायचा, मग आठवड्याला, मग त्याचा नंबरच बदलला. जेट्टीवरच्या कामगारांपैकी काही सापडले, काही सापडले नाहीत. ओडिशाचा एक गडी बहिणीशी हिंदीत बोलला. त्याने तिच्या नवऱ्याला दुपारी जेट्टीच्या टोकाकडे जाताना पाहिलं होतं. जमीन हलली तेव्हा हा गडी किनाऱ्याच्या बाजूला होता, तो टेकडीकडे पळाला. टोकाकडचे कोणत्या बाजूला गेले ते त्याला माहीत नव्हतं. तो रडला आणि मग फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं की आपलं राहिलेलं बूट-हेल्मेट कोणाकडे मागायचं.

बहीण मला फोन करायची ती प्रश्न घेऊनच. लाट किती वेळात आली असेल? मी तिला सांगितलं की खोल समुद्रात लाट विमानाच्या वेगाने जाते, आणि किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की ती मंदावते आणि उंच होते. भूकंप किनाऱ्याच्या जवळ होता. काही मिनिटंच मिळाली असतील. तिने विचारलं, काही म्हणजे किती? मी म्हणालो, तिथल्या समुद्राची खोली मला नीट माहीत नाही, त्यामुळे आकडा देत नाही. बंदरातलं पाण्याची पातळी मोजणारं यंत्रही मध्येच बंद पडलं होतं. आलेखाची रेघ जिथे वर जायला लागली तिथेच तुटली होती.

"म्हणजे तिथं पाणी नव्हतं?"

"नाही. मोजणारं राहिलं नाही, एवढंच."

एकदा तिने विचारलं की आपल्याकडे काही जाणवलं असेल का. मी म्हणालो, जाणवलं नाही, पण आलं असणार. एवढ्या मोठ्या घावाचे हेलकावे अख्ख्या पृथ्वीभर फिरतात. त्या दुपारी सोनगीरची जमीनही केसाच्या जाडीइतकी वरखाली झाली असेल, हळूहळू, कोणाला कळणार नाही अशी.

मग म्हणाली, "मी तेव्हा भांडी घासत होते, भाऊ. एकसुद्धा वाजलं नाही."

सासरी तिचं काय चाललं होतं ते ती सांगत नसे. पण मी दोन-तीनदा गेलो तेव्हा ऐकलं. अक्का शेजारणीला म्हणत होत्या, "इनं लगीन व्हयनं आन समुद्र हालना." बहीण ताट वाढत होती. तिने ऐकलं आणि वाढत राहिली. पोळी मोडून नवऱ्याच्या नावाने ती रोज एक चतकोर बाजूला ठेवायची म्हणे. अक्कांनी तो कुत्र्याला टाकायला सुरुवात केली, तिच्या डोळ्यांसमोर, उंबऱ्यावर उभं राहून, कुत्र्याचं नाव घेऊन हाक मारत.

उन्हाळ्याच्या तोंडाला आबांनी मला बोलावणं धाडलं. बहिणीकडचं माणूस म्हणून. बैठक होती.

कारण धाकट्याचं होतं. धुळ्याजवळच्या एका गावच्या मुलीशी लग्न जमत आलं होतं. घर चांगलं होतं, मुलगी शिकलेली होती. पण मुलीच्या मामाने एक प्रश्न घालून ठेवला होता: तुमच्या घरात गमी झाली आहे, माणूस गेलं आहे, की नाही? झाली असेल तर वर्षाच्या आत लग्न उरकता येतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, ही रीत आमच्याकडे सगळे पाळतात. झाली नसेल तर तसं सांगा. पण झाली की नाही तेच माहीत नाही अशा घरात मुलगी कशी द्यायची? उद्या मांडवात बातमी आली तर?

म्हणजे वर्ष भूकंपाच्या दिवसापासून धरायचं आणि ते भरायच्या आत लग्न लावायचं, आणि त्यासाठी आधी मधला गेला असं ठरायला हवं. ठरवण्याची जागाही समोर होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्यांच्या नावाने मातीची घागर भरतात. त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या ठेवतात, चुलीच्या निखाऱ्यावर घास टाकतात. ज्याच्या नावाची घागर भरली तो पितरांत गेला. त्यानंतर त्याच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. मुलीकडच्यांनाही तेवढं पुरणार होतं.

पडवीत आबा, मोठा, धाकटा, भाऊबंदांतले एक नाना आणि मी. मुलीचा मामा खुर्चीवर. बाकी आम्ही सतरंजीवर. बहीण आत दाराआड होती. तिचा पदर दिसत होता.

नाना म्हणाले, "मास्तरले इचारा. साडेसातना भूकंपमा मानूस वाचस का?"

"भूकंपाने माणसं क्वचित मरतात," मी म्हणालो. "घरं पडून मरतात, लाटेने मरतात. आकड्यावरून माणसाचं सांगता येत नाही. तेवढ्याच आकड्याने एखाद्या ठिकाणी कोणाला खरचटतही नाही."

"म्हणजे जित्ता शे?"

"तसंही आकड्यात नाही."

"तुमना आकडामा शे तरी काय?" नाना हसले. मामाही हसला.

मी म्हणालो, कायद्याने सात वर्षं वाट बघावी लागते. आपल्या जुन्या रीतीत बारा सांगितली आहेत. कुठेही एक वर्ष सांगितलेलं नाही. तुम्ही धाकट्याचं लग्न बेशक करा, पण त्यासाठी मधल्याला मारू नका.

आबांनी मोठ्या मुलाकडे पाहिलं. मोठा तयारच होता. त्याने आवाज चढवला नाही, उलट तो मला फार मानाने बोलला.

"सर, तुम्हीच मला शिकवलं. खोली माहीत नसली की दहा धरतात. कशाला? तर बाकीचं गणित अडतं. बरोबर?"

"बरोबर."

"आमचंही गणित अडलंय. धाकट्याचं वय निघून चाललंय. आईचं दुखणं आहे. तिचं," त्याने दाराकडे मान केली, "तिचंही अडलंय. ना इकडची ना तिकडची. आम्ही मधल्याला मारत नाही, सर. आम्ही धरतो. शास्त्रज्ञ धरतात तसं."

मामाने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं. मला उत्तर होतं, ते मी दिलं. म्हणालो, ते धरतात तेव्हा खूण करतात की हे धरलेलं आहे, आणि नवीन नोंद आली की पहिला आकडा पुसतात. तुमची घागर पुसता येईल का?

"आला तर फोडू की," मोठा म्हणाला. "मातीचीच आहे. तुम्हालाच बोलावू फोडायला."

सगळे हसले. धाकटाही हसला. त्याने आतापर्यंत मान वर केली नव्हती. त्याला वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, आणि मुलगी पसंत होती हेही.

मग दाराआडून बहीण बोलली. सासऱ्यांसमोर ती कधी बोलत नसे. "भरा घागर," ती म्हणाली. "माझं काही नाही. पण मी कुंकू काढणार नाही. तुमचं धरलेलं आहे, ते तुमच्यापाशी. माझ्या कपाळावर नको."

आतून अक्कांचा आवाज आला. "घागर भराई गई मंग कोनना नावनं कुकू लावशी वं तू? आं? कोनना नावनं?"

ह्यावर पडवीत कोणीच हसलं नाही. मामाने घड्याळ बघितलं. आबा म्हणाले, "ठेवू दे तिले कुकू. जगले दखाडू नको म्हनजे व्हयनं."

असा निकाल झाला: कुंकू ठेवायचं, पण लोकांना दिसू द्यायचं नाही. माझ्या मते तो कुंकू पुसण्यापेक्षा वाईट होता, पण बहिणीने तो जिंकल्यासारखा घेतला, म्हणून मी काही बोललो नाही.

आखाजीला गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके असतात. बहिणीला आबांनी पाठवलं नाही, घागरीचं काम होतं. त्यांच्या घरी सांजोऱ्या तिनेच लाटल्या, तिनेच तळल्या. मी सकाळी पोहोचलो तेव्हा ती चुलीपाशी होती, कपाळावर मोठं लाल कुंकू. नेहमी ती टिकली लावायची. मोठ्या दिराने घागर आणली, पाणी भरलं, वर डांगर ठेवलं. नाव घेऊन घास टाकायची वेळ आली तेव्हा आबांच्या तोंडून मुलाचं नाव निघेना. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. शेवटी नाव मोठ्या मुलाने घेतलं. धूर झाला. आबा पडवीत गेले आणि ऐरणीपाशी भिंतीला डोकं टेकून बसले, आणि अर्ध्या तासाने आत येऊन सुनेला म्हणाले की खिरीत साखर कमी आहे.

मग लग्नाची घाई सुरू झाली. हळदीच्या आदल्या दिवशी मोठ्याचा मला फोन आला.

"सर, चार दिवस तिला जळगावला घेऊन जा. पाहुणे येतील. घागर भरलेल्याची बायको कुंकू लावून मांडवात फिरली तर मुलीकडचे काय म्हणतील? आणि कुंकू न लावता फिरली तर आई म्हणते अपशकुन. तुम्ही हुशार आहात, ह्याचं काही गणित बसतंय का बघा." तो हसला. "नाही ना बसत? म्हणून म्हटलं."

मी जाऊन तिला घेऊन आलो. धुळ्याला बस बदलली. जळगावच्या गाडीत दोघांना जागा मिळाली. ऊन होतं, खिडकीची काच वर जात नव्हती, आणि तिने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. उन्हासाठी की लोकांसाठी ते मला कळलं नाही.

पारोळं मागे पडल्यावर तिने विचारलं, "भाऊ, आबा धरतात, मोठे भाऊजी धरतात. तुम्ही काय धरता?"

मी म्हणालो, "माझ्या धरण्याने काय होतंय?"

"तसं नको. तुम्ही त्या दिवशी बैठकीत म्हणालात, आकड्यात नाही. ते त्यांच्यासाठी म्हणालात. मला सांगा."

मला जे माहीत होतं ते असं होतं. समुद्रतळाची फट किनाऱ्याला जवळजवळ समांतर फाटली होती. खोलीचा दहाचा आकडा नंतर दुरुस्त झाला होता, पण दुरुस्त होऊनही तो उथळच होता. लाट यायला मिनिटंच लागली होती, आणि जेट्टीचं टोक किनाऱ्यापासून लांब होतं. पळायला दिशा एकच होती, आणि ती लाटेपुढून. तो माणूस पट्टीचा पोहणारा नव्हता, सोनगीरला पोहायला शिकण्याजोगं पाणी नाही. जिवंत सापडलेल्यांची नावं पहिल्या काही दिवसांतच आली होती, नंतर एकही आलं नव्हतं. उलट बाजूला ठेवायला माझ्यापाशी एकच गोष्ट होती. त्याला कोणी मेलेलं पाहिलं नव्हतं. ती गोष्ट मी इतके महिने पारड्यात टाकून बघत होतो आणि पारडं हलत नव्हतं.

तिला सहज फसवता आलं असतं. तिला तेच हवं होतं असंही कोणी म्हणेल. मला तसं वाटलं नाही. मला फोन करणारी ती एकच होती जिने कधी मी काय म्हणावं ते आधी ठरवलं नव्हतं.

मी म्हणालो, "तो गेला असं मी धरतो."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"शंभरातले किती?"

"शंभर नाही म्हणणार. पण शंभराच्या इतकं जवळ की उरलेल्यावर आयुष्य काढू नये."

तिने मान हलवली, वर्गात एखादी मुलगी पायरी समजल्यावर हलवते तशी. एरंडोलला कोणीतरी काकड्या विकायला चढलं. तिने एक घेतली, मीठ लावून अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली.

आमच्याकडे ती चार दिवस होती. घरकामात बायकोला हात लावू देत नव्हती. सकाळी आंघोळ करून यायची तेव्हा कपाळावर कुंकू असायचं, रोजच्यासारखं मोठं. मी बायकोला बसमधलं बोलणं सांगितलं होतं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढं खरं बोलून तुम्हाला काय मिळतं?" मी म्हणालो, मिळण्याचा प्रश्न नाही, तिने विचारलं होतं. बायको म्हणाली, "विचारणारा दर वेळी उत्तरच मागत असतो असं नाही." हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण ते मी नोंदवून ठेवतो, कारण बायको माणसं माझ्याहून बरी ओळखते.

सोनगीरला हळद झाली, लग्न झालं. कोणीतरी मोबाइलवर फोटो पाठवले. बहिणीने ते सगळे बघितले, नवी जाऊ दिसायला छान आहे म्हणाली. एका फोटोत अक्का नवीन सुनेला तांब्याची घागर देत होत्या. "ही मी घासून ठेवली होती," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी मोठ्याचा फोन आला. पाहुणे गेले, आता पाठवा. घरात पसारा फार पडलाय, भांडी तशीच आहेत.

बायको म्हणाली, "जाऊ नको. इथेच राहा. ह्यांच्या कॉलेजात, नाहीतर शाळेत कुठे, काहीतरी काम बघू." मीही तेच म्हणालो. खरंच बघणार होतो. ती पिशवी भरत राहिली.

दारात बायकोने रीतीप्रमाणे हळदकुंकवाचा करंडा आणला. हळदीचं बोट टेकवलं. मग कुंकवात बोट बुडवलं आणि थांबली, कारण तेव्हा तिच्या लक्षात आलं की समोरचं कपाळ मोकळं आहे. आज आंघोळीनंतर बहिणीने काही लावलं नव्हतं.

"वहिनी, नको," बहीण म्हणाली. "हात धुऊन टाका."

बायको तशीच उभी राहिली, लाल बोट हवेत. तिला रडू आलं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. बहिणीने स्वतः करंडा तिच्या हातातून घेतला, त्याचं झाकण लावलं आणि आत देवापाशी ठेवून आली.

"मग आता तरी राहा," बायको म्हणाली. "आता तिथे कोण आहे तुझं?"

"नको, वहिनी." तिने पायात चपला घातल्या. "आलाच कधी तर तो सोनगीरला येईल. तुमचं हे घर त्याने पाहिलेलं नाही."